हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या वडिलांना आयसीयूत गार करून ठेवलंय. याने खरंच मेंदू वाचतो का?

मोठ्या माणसांत पूर्वी वाटायचा तेवढा फायदा आता दिसत नाही. 2002 च्या दोन अभ्यासांनंतर 32 ते 34 अंशांपर्यंत गार करायचे. 2021 च्या मोठ्या अभ्यासात 33 अंशांवर ठेवलेले आणि ज्यांचा फक्त ताप चढू दिला नाही असे, सहा महिन्यांनी सारखेच निघाले. पण 'गार करून मारतायत' म्हणणारा कुणी नातेवाईक तिथे असेल तर त्याला आधी घरी पाठवा. अनुभवाने सांगतोय.

माझी लेक जानेवारीत निफाडला झाली. रडलीच नाही. फुगा दाबून श्वास सुरू केला आणि ॲम्ब्युलन्सने नाशिकला आणली तेव्हा चौथा तास चालू होता. सहा तासांच्या आत सुरुवात करावी लागते. गुदमरल्यावर मेंदूच्या सगळ्या पेशी तेव्हाच मरत नाहीत, बऱ्याच पुढच्या काही तासांत मरतात; गारव्याने ती पडझड मंदावते. गार पाण्याच्या गादीवर उघडी ठेवली, 33.5 अंशांवर, 72 तास. बोट लावलं तर माठाला लावल्यासारखं.

तेवढ्यात थोरला भाऊ कुंची, दुपटं घेऊन हजर. "थंडीत द्राक्षं जाऊ नयेत म्हणून आपण रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतो, आणि हे पोरीला गार करतात? चल, दुसरीकडे नेऊ." जिन्यातच कडाक्याचं भांडण झालं. सिस्टरला त्याने दोनदा कुंची देऊन पाहिली. (त्या बाईंनी त्याला जे सुनावलं, ते इथे लिहिता येणार नाही.) चौथ्या दिवशी तासाला अर्धा अंश असं हळूहळू ऊब देत आणली. आज चौथीत आहे, पाढे माझ्यापेक्षा चांगले येतात.

आता दादाची बाजू. त्याच 2021 मध्ये भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या 408 बाळांचा अभ्यास आला. गार केलेल्यांत 42 टक्के दगावली, न केलेल्यांत 31. दादाने ती बातमी घरच्या ग्रुपवर टाकली, खाली एकच शब्द: वाच. वाचली. परदेशात वाचवणारा उपाय इथे उलटा पडला हे खरं, आणि माझी लेक ठणठणीत आहे म्हणून काही सिद्ध होत नाही, हेही खरं. कदाचित ती तशीही वाचली असती. पण दादाला तेव्हा यातलं काय ठाऊक होतं? ती बोलाफुलाला गाठ पडली. त्याला शेगडी हवी होती, आणि अशा बाळाचं अंग तापू द्यायचं नाही यावर तर गार करणारे आणि न करणारे दोघेही एकच सांगतात.

तुम्ही डॉक्टरांना विचारा, किती अंशांवर ठेवलंय, किती वेळ, आणि नंतर ताप 37.5 च्या वर जाऊ नये म्हणून काय करणार. शाल आणली असेल तर पिशवीतच राहू द्या.