लॅब्राडॉरची शेपटी रात्रीतून लुळी पडली आहे. मोडली असेल का? घरी काय काळजी घ्यावी?

मोडलेली नसण्याची शक्यताच जास्त आहे, बहुधा पोहण्याने शेपटीच्या बुडाचे स्नायू दुखावलेत. तुम्ही लिहिलंय की शनिवारी त्याला कॅनॉलवर भरपूर पोहायला लावलं, रविवारी सकाळी शेपटी दोरीसारखी लोंबत होती, आणि घरच्यांना वाटतंय की कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीने ती ओढली असणार. हे शेवटचं वाचलं म्हणून लिहायला बसले, नाहीतर मी इथे सहसा नुसती वाचते.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो, शेत नान्नजच्या पुढे. आमचा बादशा, पिवळा लॅब्राडॉर, तेव्हा चार वर्षांचा होता, वजन 32 किलो. डिसेंबरातल्या एका रविवारी मोठे भाऊजी त्याला शेतावर घेऊन गेले. द्राक्षबागेसाठी केलेलं शेततळं आहे, त्यात बॉल टाकून टाकून तासभर त्याला पोहायला लावलं. ज्यांनी शेततळं पाहिलंय त्यांना कळेल. आत प्लास्टिकचा कागद, बाजू उताराच्या, ओल्या झाल्या की माणसाचासुद्धा पाय ठरत नाही. दर वेळी वर यायला बादशा चारी पायांनी झटत होता. शेवटी गड्याने दोर टाकून त्याला वर घेतलं. हे मला त्या गड्यानेच मागाहून सांगितलं. तिथून ओल्या अंगाने, गाडीच्या मागच्या हौद्यात रिकाम्या क्रेटच्या मधे अंग चोरून, संध्याकाळच्या वाऱ्यात वीसेक किलोमीटर घरी. आमच्या घरात टॉवेलला तोटा नाही, सोलापूरच आहे हे, पण एकानेही त्याला पुसलं नाही. मी तेव्हा माहेरी बार्शीला होते.

सोमवारी सकाळी मी आले तर माझा धाकटा जिन्यात बसलेला, गाल लाल. आठ वर्षांचा होता तो. बादशाची शेपटी बुडापाशी चार बोटं आडवी ताठ आणि तिथून पुढे सरळ खाली. बुडावरचे केस उभे राहिलेले. बसायला गेला की कुईं करून उठायचा. भाकरी उभ्यानेच खाल्ली. आणि भाऊजींचा निकाल लागून गेला होता, "ह्या पोरानंच शेपूट वढलंय, दुसरं कोण?" पोरगं एकच सांगत होतं, "मी नाही ओढलो, काका." थोबाडीत बसून झाली होती.

सासूबाईंनी मीठ-मोहरी उतरवून टाकली होती. त्याने कुत्र्याला काही इजा होत नाही, मी काही बोलले नाही. पण भाऊजी तिळाचं तेल गरम करून शेपटी चोळत होते, तीसुद्धा बुडापासून खाली ओढत. जन्मात कधी न गुरगुरलेल्या बादशाने त्यांच्या मनगटावर दात टेकवले, तर "बघा, पोरानं ह्याला बिथरवलंय" हेही लेकराच्याच नावावर. शिवाय त्यांच्या स्वतःच्या कंबरदुखीची गोळी त्याला देण्यासाठी ताटलीत काढून ठेवली होती. आयब्रुफेन होती ती. ती मी उचलून फेकली, आणि त्यावरून जे भांडण झालं ते आजही पुरतं मिटलेलं नाही. आयब्रुफेन, पॅरासिटामॉल, घरातली कुठलीही वेदनाशामक गोळी कुत्र्याला देऊ नका. पोटात व्रण होतात, मूत्रपिंड आणि यकृत जातं. शेपटीच्या दुखण्याने कुत्रा मरत नाही, या गोळ्यांनी मरू शकतो.

डॉक्टरांनी आधी शेपटीला हातच लावला नाही. विचारलं, काल काय केलं याने? लघवी, संडास नीट होते का? मग मागचे पाय, पाठीचा खालचा भाग, गुदाजवळच्या ग्रंथी तपासल्या आणि सगळ्यात शेवटी शेपटीचा एकेक मणका बोटाने चाचपला. दुखलं ते फक्त बुडाशी. त्यांनी सांगितलं, याला लिंबर टेल म्हणतात. शेपटीत विसेक बारीक मणके असतात, ते हलवणारे स्नायू बुडापाशी दोन्ही बाजूंनी असतात. पोहताना कुत्रा शेपटी सुकाणूसारखी वापरतो. त्या स्नायूंवर सवयीपेक्षा जास्त ताण आला, वर गार पाणी, किंवा अरुंद जागेत कोंबून ठेवलं, की ते सुजतात आणि शेपटी पडते. हाड शाबूत असतं. बादशाच्या बाबतीत तिन्ही गोष्टी एका दिवसात घडल्या होत्या. डॉक्टर एक्स-रेची गरज नाही म्हणत होते, मीच हट्टाने काढायला लावला. मला तो कुत्र्यासाठी नको होता, घरासाठी हवा होता. सगळे मणके जागच्या जागी.

पुढे मी यावर मिळेल ते वाचलं. अमेरिकेत पॉइंटर जातीच्या शिकारी कुत्र्यांवर 1999 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शेपटीच्या स्नायूंचेच तंतू दुखावलेले आढळले, आणि स्नायू दुखावले की रक्तात उतरतं ते एंझाइम सुरुवातीच्या दिवसांत वाढलेलं. 2016 मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी लॅब्राडॉरांचा अभ्यास केला, तर पोहणाऱ्या आणि कामाला जुंपलेल्या कुत्र्यांत हे जास्त, उत्तरेकडच्या थंड भागात जास्त. आमच्याकडे उन्हाळा 42-43 अंशांचा, म्हणून लोक म्हणतात इथे कसली थंडी. डिसेंबरात संध्याकाळी शेततळ्यात हात घालून बघा.

काळजी फार नाही, पण मन घट्ट करावं लागतं. एक-दोन आठवडे बॉल बंद, पळणं बंद, पोहणं तर बंदच. साखळी लावून फक्त शी-शूपुरतं बाहेर न्यायचं. डॉक्टरांनी वजन बघून दिलेलं कुत्र्यांचं सूज उतरवायचं औषध, जेवणानंतरच, सांगितले तेवढेच दिवस. आम्ही कोमट पाण्यात कापड पिळून बुडावर दिवसातून दोन-तीनदा ठेवायचो, आधी आपल्या मनगटाला लावून बघायचं. चोळायचं नाही, उचलून बघायची नाही, पाहुण्यांना दाखवायची तर अजिबात नाही. खाली फरशी गार असते, जुन्या चादरीची चौघडी घाला. बादशाचं टोक तिसऱ्या दिवशी हललं, नवव्या दिवशी शेपटी पूर्ववत. बहुतेक कुत्री काही दिवस ते दोन आठवड्यांत अशीच बरी होतात. काहींना पुन्हा होतं, म्हणून नंतरही पोहणं पाच-दहा मिनिटांपासून सुरू करा, आणि बाहेर आला की लगेच कोरडा करा.

आता हे आधी लिहायला हवं होतं. शेपटी ओढल्याने किंवा दारात सापडल्याने इजा होऊच शकत नाही असं मी म्हणत नाही, होते. जोरात ओढली गेली तर मज्जातंतूसुद्धा ताणले जातात. लघवी थेंबथेंब गळत असेल किंवा होतच नसेल, मागचे पाय फरफटत असतील, शेपटीवर जखम किंवा वेडावाकडा कोन दिसत असेल, तर आजच्या आज दवाखान्यात न्या. कुत्रा म्हातारा असेल आणि पोहण्या-पळण्याचं काही निमित्त नसेल तर पाठीचा कणाही बघावा लागतो. पाच-सहा दिवसांत काडीचा फरक नसला तरी परत दाखवा. तसा तुमचाही एकदा दाखवाच, हे घरी ठरवायचं दुखणं नाही.

पण दवाखान्यात गेलात तर शनिवारचं सगळं खरं सांगा. किती वेळ पोहला, पाणी किती गार होतं, कोणी नेलं होतं, कसा आणला. आमच्या घरात हे तिघांना माहीत होतं आणि तिघेही गप्प बसले, कारण भाऊजी मोठे. तीन वर्षं झाली, अजून ते म्हणतात, "पोरानं काहीतरी केलंच असणार." माझ्या मुलाने त्यानंतर दोन महिने बादशाला हात लावला नाही. कुत्रा त्याच्या पायाशी येऊन बसायचा आणि हा पाय वर घ्यायचा.

त्या मुलीला तुम्ही काय बोललात ते तुम्ही लिहिलेलं नाही. काही बोलला असाल, तर ती आईबरोबर उद्या येईल तेव्हा तिच्या आईसमोरच सांगा की ते पोहण्याने झालंय. आमच्याकडचा एक्स-रे अजून कपाटात वर ठेवलेला आहे. भाऊजींनी तो एकदाही बघितलेला नाही.