पिकअपच्या हौद्याला लायनर घेताय? आधी हे बघा

लायनरचा, म्हणजे हौद्याचा पत्रा वाचवणाऱ्या आवरणाचा, रंग आणि किंमत नंतर बघा. आधी हौद्यात काय भरणार ते ठरवा. खडी, विटा, लोखंड रोजचं असेल तर फवारून मारायचं स्प्रे लायनरच घ्या. पॉलियुरिया किंवा पॉलियुरेथेन या फवारल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकचा थर पत्र्यालाच चिकटतो, त्यामुळे खाली पाणी शिरायला जागा उरत नाही. मात्र तो एकदा मारला की काढणं जवळपास अशक्य. खरी मेहनत फवारण्याआधीची असते: तेलकटपणा पुसणं, जुना गंज खरवडणं, रंगाची चकाकी घासून मोडणं. यात घाई झाली की कडेपासून पापुद्रे सुटायला लागतात. म्हणून काम देण्याआधी स्प्रेवाल्याला त्याने वर्षभरापूर्वी केलेली एखादी गाडी दाखवायला सांगा आणि टेलगेटच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) कडेला, बोल्टांभोवती नख लावून बघा.

तयार साच्यातलं प्लास्टिक लायनर स्वस्त, बसवायला सोपं आणि गाडी विकताना काढताही येतं. माझा मात्र त्याला विरोधच. गाडीच्या हादऱ्यांनी ते पत्र्यावर घासत राहतं, खाली वाळू आणि ओल साठते आणि वरून सगळं छान दिसत असताना आतून गंज धरतो. वर माल घसरतो तो वेगळाच! तरी तेच घ्यायचं असेल तर अधूनमधून काढून खालून धुवा, पाणी जायची भोकं मोकळी ठेवा.

नुसत्या पेट्या आणि घरसामान न्यायचं असेल तर जाड रबरी मॅट पुरते. बाजूच्या भिंती उघड्या राहतात, पण सामान जागचं हलत नाही. गाडी उन्हात उभी असते का? मग स्प्रेवाल्याला यूव्ही (उन्हातल्या अतिनील किरणांपासूनच्या) संरक्षणाबद्दल जरूर विचारा, नाहीतर काळा थर पांढुरका पडतो.