कोड : टिकली, नाडी आणि बावची

प्रश्न : वय 34. दोन वर्षांपूर्वी टिकलीच्या जागी फिकट ठिपका दिसला, आता तो पांढराशुभ्र झालाय. गेल्या चार महिन्यांत परकराच्या नाडीच्या रेषेवर आणि उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांनाही पांढरं पडलंय. घरच्यांनी दही, लिंबू, मासे बंद केलेत आणि बावचीचं तेल लावून गच्चीत उन्हात बसायला सांगतात. मुलीलाही होईल का?
– एक वाचक, सिंहगड रोड, पुणे

उत्तर : दही-मासे आजच सुरू करा, त्यांचा कोडाशी संबंध नाही. बावची मात्र नको. तिच्यातल्या सोरालेनमुळे कातडी उन्हाला हळवी होते आणि गच्चीतलं ऊन मोजून-मापून घेता येत नाही. एप्रिलच्या उन्हात थोडा वेळ जास्त झाला की टपोरे फोड येतात, आणि फोड भरला की त्याच जागी नवा डाग पडू शकतो.

कारण असं, की कोडात शरीराच्याच संरक्षक पेशी रंगपेशींना मारतात, आणि आजार पसरता असला की जिथे घासतं, खरचटतं, भाजतं तिथे तो उमटतो. तुमची नाडीची रेषा तेच सांगते आहे. नाडी रुंद घ्या, सैल बांधा, रोज त्याच खाचेत नको. वज्री, घासणी, दिवाळीचं उटणं खसाखसा चोळणं, सगळं बंद. कपाळाची गोष्ट जरा वेगळी. टिकलीच्या डिंकात बऱ्याचदा पॅरा-टर्शरी ब्यूटिल फेनॉल असतं आणि ते रंगपेशींना थेट मारतं. ब्रँड बदलून भागत नाही, टिकलीच सोडा.

चेहऱ्यावर त्वचारोगतज्ज्ञ सहसा टॅक्रोलिमस 0.1 टक्के मलम दिवसातून दोनदा देतात. पहिले काही दिवस चुरचुरतं, म्हणून बरेच जण तिथेच सोडतात. सोडू नका. कमरेवर मोमेटासोनसारखं स्टिरॉइड रोज एकदा, पण दोन-तीन महिन्यांनी दाखवायलाच हवं. परस्पर चालू ठेवलं तर कातडी पातळ होते. तर्जनीच्या शेवटच्या पेरभर मलम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ते बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं.

डाग चार महिन्यांत वाढलेत, तेव्हा 311 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांच्या उपचाराबद्दल विचारा. आठवड्यातून दोन-तीनदा, लागोपाठच्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरणारा फिकट गुलाबीपणा चालतो. दुखलं किंवा लाली टिकली तर पुढच्या वेळेआधी सांगा. खाडा झाला तरी सांगा, मात्रा कमी करावी लागते. रंग परततो तो केसांच्या मुळाशी तिळाएवढ्या तपकिरी ठिपक्यांनी, आणि त्याला महिने लागतात. तीन महिन्यांत काही दिसलं नाही म्हणून थांबवणं ही नेहमीची चूक. बोटांच्या टोकांना केस नाहीत, त्यामुळे तिथे रंग फार कमी परततो, हे आधीच सांगितलेलं बरं. चांगल्या त्वचेचं डागावर कलम करण्याची शस्त्रक्रिया निदान वर्षभर डाग स्थिर राहिल्यावर. तुमच्यासाठी आत्ता नाही.

एकदा थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या, दोन्ही आजार बऱ्याचदा जोडीने येतात. मुलीला स्पर्शाने होणार नाही. आनुवंशिकतेने धोका थोडा वाढतो, पण कोड असलेल्यांच्या बहुतेक मुलांना ते होत नाही. मोकळेपणाने बोलायचं असेल तर पुण्यात श्वेता असोसिएशन हा कोड असलेल्यांचा स्वमदत गट आहे.

प्रश्न : मुलगा 8 वर्षांचा. गालावर फिकट, खरखरीत चट्टे. कोड की जंत?
– एक पालक, कोथरूड

उत्तर : बहुधा दोन्ही नाही. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, गुळगुळीत आणि काठ स्पष्ट असलेला असतो. फिकट, कोंडा सुटणारे, काठ विरलेले चट्टे या वयात कोरड्या त्वचेचे असतात. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर लावा, साबण गालाला नको. उन्हाने आजूबाजूची कातडी काळवंडते आणि चट्टे उठून दिसतात, वाढलेले नसतात. फक्त एक करून पाहा : मुलाला डोळे मिटायला लावून चट्ट्यावर कापसाचं टोक टेकवा. कळलं नाही तर कुष्ठरोगाची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध मोफत मिळतं.