खोट्या सहीचे धनादेश आणि खातेदाराचे मौन

प्रश्न : बचत खात्याचा उतारा पाहताना मी कधीच न दिलेले दोन धनादेश वटल्याचे आढळले. त्यांवरील सही माझ्या सहीसारखी दिसते, पण ती माझी नाही. चेकबुकातील मधली तीन पाने नाहीत. म्हणजे एक कोरे पान अजून बाहेर आहे. संशय घरातल्याच एका तरुणावर आहे. तो पैसे परत करील, तोवर बँकेला कळवू नये, असे घरचे म्हणतात. या गोष्टीला तीन आठवडे झाले. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील मला सर्वांत अधिक काळजीची वाटलेली गोष्ट म्हणजे हे तीन आठवडे. खातेदाराची खरी सही नसेल, तर त्या कागदावर त्याच्या खात्यातून पैसे देण्याचा अधिकार बँकेला मुळातच नसतो, आणि म्हणून नुकसान सहसा बँकेने सोसायचे असते. एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने खोट्या सह्या करून ४२ धनादेश वटवले होते आणि कंपनीच्या ते बराच काळ लक्षात आले नव्हते. तरीही भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये बँकेलाच जबाबदार धरले. याउलट, १९३० च्या दशकातील एका इंग्लिश खटल्यात पत्नी पतीची खोटी सही करून पैसे काढते हे त्याला कळले होते, पण तो कित्येक महिने गप्प राहिला, आणि पुढे त्याने बँकेवर केलेला दावा फेटाळला गेला. न कळणे आणि कळूनही न बोलणे यांत कायदा फार मोठा फरक करतो, आणि आपण आता दुसऱ्या बाजूला उभे आहात.

म्हणून आजच बँकेत जा. बाहेर असलेल्या पानाचा क्रमांक देऊन त्याचे पेमेंट प्रथम थांबवा. त्यानंतर वटलेल्या दोन्ही धनादेशांचे क्रमांक, तारखा आणि रकमा लिहून या सह्या आपल्या नाहीत असे स्पष्ट शब्दांत लेखी कळवा आणि पोच घ्या. मूळ धनादेश किंवा त्यांच्या प्रतिमा जपून ठेवण्याची विनंतीही त्याच पत्रात करा, कारण सहीची तपासणी त्यांच्यावरच व्हायची आहे. बँक प्रतिज्ञापत्र आणि पोलीस तक्रारीची प्रत मागू शकते. खाते बंद करून नवे उघडणे त्रासाचे असले, तरी चेकबुकापर्यंत कोणाचा हात पोचतो हे नक्की ठाऊक नसताना मी तोच सल्ला देईन.

घरातल्या माणसाविरुद्ध तक्रार करणे किती जड जाते, याची मला जाणीव आहे. बँकेला पत्र देताना कोणाचे नाव घेण्याची गरज नाही. मात्र संशय कोणावर आहे असे विचारले, तर खरे तेच सांगा. त्याला वाचवण्यासाठी ‘सही माझीच आहे’ किंवा ‘मीच परवानगी दिली होती’ असे मात्र चुकूनही लिहून देऊ नका. त्या एका वाक्याने आपला हक्क संपू शकतो. त्याने पैसे परत केले, तर तेही बँकेला कळवावे लागेल, कारण एकच रक्कम दोन्हीकडून घेता येत नाही.

मागील वर्षभराचे उतारेही ओळीने तपासा. पहिली खोटी सही या दोन धनादेशांहून जुनी असू शकते.