वाचकांचे प्रश्न : दिव्यांग मुलाचा खर्च आणि मिळू शकणारी मदत

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणे) आणि बौद्धिक अक्षमता असून प्रमाणपत्रावर 85 टक्के दिव्यांगत्वाची नोंद आहे. मी खासगी नोकरीत असून वार्षिक पगार साडेआठ लाख आहे. मुलासाठी पत्नीने नोकरी सोडली. फिजिओथेरपी, स्पीच थेरपी आणि पाय वाढला की नव्याने करावे लागणारे कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) हा खर्च आता झेपत नाही. कोणती मदत मिळू शकेल?
— एक वाचक, सातारा

उत्तर : संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठीही कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार रुपये असल्यामुळे तिच्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालू नका. आयकरातील वजावटीबद्दलही बरेच पालक गैरसमजात असतात. 80 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या अवलंबितासाठी 1,25,000 रुपयांची सरसकट वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च किती झाला हे पाहिले जात नाही. मात्र ती जुन्या करपद्धतीतच आहे. 2025-26 पासून नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही, म्हणजे तुमच्या पगारावर नवी पद्धतच सरस ठरते. कंपनीत सवयीने जुनी पद्धत निवडलेली असेल, तर ती आधी बदलून घ्या.

तुमच्या खऱ्या उपयोगाची आहे ती राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना तीत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण असून नोंदणीपूर्वी वैद्यकीय तपासणी होत नाही. दारिद्र्यरेषेच्या वर असलेल्या कुटुंबाला नोंदणीसाठी 500 रुपये भरावे लागतात, जे थेरपीच्या एका बैठकीइतकेही होणार नाहीत. रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या थेरपीचाही खर्च ठरावीक मर्यादेत परत मिळतो. दावा अडतो तो बहुधा पावतीवर : थेरपिस्ट नुसत्या कागदावर ‘मिळाले’ असे लिहून देतात, त्यावर ना मुलाचे नाव असते ना तारीख. म्हणून क्रमांक, तारीख, मुलाचे पूर्ण नाव आणि सही-शिक्का असलेली पावती प्रत्येक वेळी मागून घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी तिलाच टाचून ठेवा. मागायला संकोच वाटतो हे खरे, पण तो संकोच महाग पडतो. विम्याचे वर्ष 31 मार्चला संपते, तेव्हा नूतनीकरण विसरू नका. आणि मुलांची प्रमाणपत्रे पुष्कळदा मुदतीची असतात, तीही तारीख पाहून ठेवा.

ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करणे बंधनकारक आहे. ती कशावर खर्चायची हे ठिकठिकाणी वेगळे ठरते. कॅलिपरसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. विमा आणि ठेवींवर मुलाला थेट वारस (नॉमिनी) म्हणून लावले, तर ते पैसे त्याला स्वतः हाताळता येणार नाहीत. त्यासाठी मृत्युपत्रात विश्वस्त नेमून ती रक्कम केवळ त्याच्या संगोपनासाठी वापरावी, असे लिहून ठेवा. तो अठरा वर्षांचा झाल्यावर मात्र आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तरीय समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागेल.