कायदा सल्ला : चौदा वर्षांची नोकरी, एका संध्याकाळी संपली

प्रश्न : खासगी कंपनीत १४ वर्षे काम करून मी विभागप्रमुख झालो. नेमणूकपत्रात तीन महिन्यांची नोटीस आहे. गेल्या आठवड्यात ‘संध्याकाळपर्यंत राजीनामा द्या’ असे सांगितले. मी नकार दिल्यावर ‘विश्वास उरला नाही’ असे पत्र हातात ठेवून एका महिन्याचा पगार देऊ केला. चौकशी नाही. नोकरी परत मिळेल का?

उत्तर : बहुधा नाही. पुन्हा कामावर घेण्याचा आदेश ‘कामगारा’ला मिळतो. १९४७चा औद्योगिक विवाद कायदा घ्या वा २०२०ची औद्योगिक संबंध संहिता, व्यवस्थापकीय काम करणारा त्या व्याख्येबाहेरच राहतो. मात्र न्यायालय हुद्दा नव्हे, प्रत्यक्ष काम पाहते. रजा मंजूर करणे, माणसे नेमणे, कारवाई करणे यातले काहीच तुमच्या हाती नसेल आणि ‘मॅनेजर’ फक्त व्हिजिटिंग कार्डावर असेल, तर कामगार न्यायालयाचा विचार जरूर करा.

एरवी उरतो दिवाणी दावा, करारभंगाच्या भरपाईचा. तिथे आकडा सहसा नोटीस काळाच्या पगारापुढे जात नाही. म्हणजे तुमच्या बाबतीत राहिलेले दोन महिने. मुदत तीन वर्षांची. करारात लवादाचे कलम असेल तर आधी लवादाची नोटीस द्या, नाहीतर कंपनी ते कलम दाखवून दावा अडवते आणि वर्ष वाया जाते.

खरी रक्कम बहुतेकदा ग्रॅच्युइटीत असते, आणि ती व्यवस्थापकालाही लागू आहे. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १,३०,००० रुपये असतील, तर २६ने भागून १५ने गुणा, मग १४ने : १०,५०,००० रुपये. कमाल मर्यादा २० लाख. ती ३० दिवसांत द्यावी लागते. नुसता ‘विश्वास उरला नाही’ म्हणून रोखता येत नाही. राहिलेला पगार तर वेतन संहितेनुसार दोन कामकाजाच्या दिवसांत.

‘सर्व हिशेब पूर्ण, कोणताही दावा नाही’ या कागदावर मुकाट्याने सही करू नका. पैसे घ्यायचेच तर ‘हक्क अबाधित ठेवून’ असे लिहून घ्या. राजीनाम्याच्या दबावाबद्दल आजच ईमेल पाठवा, सहा महिन्यांनी केलेली तक्रार पोकळ वाटते. पगारपत्रके, मूल्यांकने जपा. पण कंपनीच्या गोपनीय फायली स्वतःच्या ईमेलवर घेऊ नका, उलटा दावा तिथूनच येतो.

वकिलाच्या नोटिशीत पैशांबरोबर पत्रातला तो शेरा काढून साधे अनुभवपत्र मागा. पुढच्या नोकरीच्या दृष्टीने दोन महिन्यांच्या पगारापेक्षा ते मोलाचे, आणि कंपन्या यावर वाटाघाटीला लवकर तयार होतात.