वाचन सोडलेल्या १४ वर्षांच्या मुलीला कोणत्या यंग अडल्ट कादंबऱ्या द्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की मुलगी अकराव्या वर्षापर्यंत पुस्तकात डोकं खुपसून बसायची, आता १४ वर्षांची आहे आणि पुस्तकाला हातही लावत नाही. यंग अडल्ट कादंबऱ्यांबद्दल तुम्ही ऐकलंय, पण त्यात मारामाऱ्या, प्रेमप्रकरणं, मनाला त्रास देणारे विषय फार असतात म्हणून धाकधूक वाटते. मी १७ वर्षांची आहे. तेराव्या वर्षी माझंही वाचन असंच थांबलं होतं आणि याच पुस्तकांनी ते परत सुरू झालं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं वाचन का थांबलं ते आधी सांगते, कदाचित तिचंही तसंच असेल. मुलांची पुस्तकं मला लहान व्हायला लागली होती. त्यातली मुलं चोर पकडायची, खजिना शोधायची आणि अंधार पडायच्या आत घरी यायची. माझ्या डोक्यात तेव्हा एकच चाललेलं असायचं: जिवलग मैत्रिणीनं अचानक बोलणं का टाकलं? मोठ्यांच्या कादंबऱ्या उघडल्या तर त्यात माझ्या वयाची माणसं भेटायची, पण ती कुणाच्या तरी आठवणीतली. सांगणारा चाळिशीचा, त्याला सगळं कळून चुकलेलं. ‘तेव्हा आम्हाला काय ठाऊक होतं’ हा सूर मला फार झोंबायचा, कारण मी अजून त्या ‘तेव्हा’मध्येच होते.

यंग अडल्ट म्हणजे साधारण १२ ते १८ वयाच्या वाचकांसाठी लिहिलेलं, असं सांगतात. मला त्यातल्या चांगल्या पुस्तकांची खूण वेगळी वाटते. बोलणारं माणूस त्याच वयात उभं असतं आणि पुढे काय होणार ते त्यालाही माहीत नसतं. म्हणून कुणाला पुस्तक सुचवताना मी आधी बघते की आतून कोण बोलतंय, आणि या वाचकाला त्याच्याशेजारी बसवेल का. पाठीमागचा सारांश आणि वयाचा शिक्का त्यानंतर.

तुमच्या मुलीसाठी मी सर्वांत आधी जेसन रेनॉल्ड्सचं ‘लाँग वे डाउन’ (२०१७) देईन. १५ वर्षांच्या विलच्या मोठ्या भावाला कुणीतरी गोळ्या घालून मारलंय. त्यांच्या वस्तीत तीन नियम आहेत: रडायचं नाही, चुगली करायची नाही आणि आपलं माणूस मारणाऱ्याचा बदला घ्यायचा. विल भावाचं पिस्तूल कमरेला खोचून लिफ्टमध्ये शिरतो. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते आणि दर वेळी कुणीतरी आत येतं. कोण येतं ते सांगणार नाही. खाली पोचायला जेमतेम मिनिट लागतं, आणि जवळजवळ सगळं पुस्तक त्या एका मिनिटात घडतं. ते मुक्तछंदात आहे, पानावर मोजक्याच ओळी, बाकी सगळं पांढरं. वाचनाची सवय सुटलेल्या माणसाला ही पांढरी जागा किती धीर देते ते मला माहीत आहे. वाचता वाचता भराभर पानं उलटली जातात, आणि ‘मी एक अख्खं पुस्तक संपवलं’ ही भावना कितीतरी दिवसांनी परत येते. माझ्या मावसभावानं सातवीनंतर पाठ्यपुस्तकाशिवाय काही वाचलं नव्हतं. त्यानं हे एका बैठकीत संपवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून काढलं. ज्यांना लांबलचक वर्णनांचा कंटाळा आहे, ज्यांना गाणी तोंडपाठ असतात, ज्यांना ‘मला वाचायला आवडत नाही’ असं सांगायची सवय झालीये, त्यांना हे आवडेल. ज्यांना शेवटी सगळ्या गाठी सुटलेल्या लागतात, त्यांना मात्र हुरहुर लागेल.

आता मारामारीची भीती. सुझान कॉलिन्सच्या ‘द हंगर गेम्स’चं (२००८) नाव निघालं की मोठी माणसं म्हणतात, मुलांनी मुलांना मारायचं, हे कसलं पुस्तक? गोष्ट तशीच आहे: १२ जिल्ह्यांतून प्रत्येकी एक मुलगा आणि एक मुलगी, अशी २४ मुलं चिठ्ठी काढून निवडायची, रिंगणात सोडायची आणि शेवटचं एक उरेपर्यंत सगळ्या देशानं ते टीव्हीवर बघायचं. पण मला त्यात सर्वांत भयंकर वाटलं ते रिंगणाच्या आधीचं. नियम असा की बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी पडते आणि दर वर्षी एकेक वाढत जाते. घरात अन्न नसेल तर जादा चिठ्ठ्या टाकून त्या बदल्यात एका माणसापुरतं वर्षाचं धान्य आणि तेल घेता येतं. गोष्टीची नायिका कॅटनिस स्वतःसाठी, आईसाठी आणि धाकट्या बहिणीसाठी अशा तीन जादा चिठ्ठ्या दर वर्षी टाकते. त्याही साठत जातात, म्हणून सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या २० चिठ्ठ्या आहेत. तिचा मित्र गेल, त्याच्या घरात खाणारी तोंडं जास्त, त्याच्या ४२. श्रीमंत घरातल्या मुलीच्या अगदी मोजक्या. सोडत सगळ्यांसाठी सारखीच, असं सांगितलं जातं आणि भूक मात्र हळूच एका बाजूला वजन टाकते. हे गणित मी वहीत मांडून पाहिलं होतं. अन्याय हा शब्द मला निबंधात वापरता येत होता, तो कसा चालतो ते त्या दिवशी कळलं.

शिवाय कॅटनिस वर्तमानकाळात बोलते. ‘मी पळते’, ‘मी थांबते’. ती जगणार की नाही हे तिलाही माहीत नसतं, त्यामुळे मरणाची मजा वाटत नाही, प्रत्येक मरण तिच्यासकट आपल्याला लागतं. चिडक्या, घराची जबाबदारी लवकर अंगावर पडलेल्या, ‘हे बरोबर नाही’ असं सारखं म्हणणाऱ्या मुलामुलींना ही मालिका द्या. तिसरं पुस्तक ‘मॉकिंगजे’ (२०१०) बऱ्याच जणांना आवडत नाही, कारण त्यात नायिका थकलेली, तुटलेली आहे. मला तेच सर्वांत खरं वाटतं. युद्धातून आलेली १७ वर्षांची मुलगी ताजीतवानी कशी असेल?

त्यानंतर तशाच साच्यातल्या खूप कादंबऱ्या आल्या: वाटण्या झालेला समाज, निवडली गेलेली मुलगी, दोन मुलगे आणि तिची द्विधा. त्यातलं व्हेरोनिका रॉथचं ‘डायव्हर्जंट’ (२०११) मला तेराव्या वर्षी आवडलं होतं. सोळाव्या वर्षी परत वाचलं तेव्हा ती जगाची रचनाच पटेना. माणसांना एकेका गुणावरून पाच गटांत बसवायचं आणि ते टिकतं? तरीही वेग हवा असेल, विचार नंतर करायचा असेल, तर तिथे दोन दिवस मजेत जातात.

अवघड विषयांबद्दल मी तुमच्याशी स्पष्ट बोलते. लॉरी हाल्स अँडरसनचं ‘स्पीक’ (१९९९) हे लैंगिक अत्याचाराबद्दलचं पुस्तक आहे. मेलिंडा नववीत जाते तेव्हा तिच्याशी कुणी बोलत नाही, कारण सुट्टीतल्या एका पार्टीत तिनं पोलिसांना फोन केला होता. तो का केला, हे कुणीच विचारत नाही. तीही सांगत नाही. ती हळूहळू बोलणंच बंद करते. चित्रकलेच्या तासाला तिला वर्षभरासाठी एकच विषय मिळतो, झाड, आणि तिला ते काही केल्या जमत नाही. हे पुस्तक उदास असेल अशी माझी समजूत होती. पण मनातल्या मनात मेलिंडा इतकी तिखट आणि नेमकी बोलते की तिची सोबत हवीहवीशी वाटते. बाहेर गप्प, आत अखंड बोलणारी मुलगी. तुमची मुलगी अशी असेल तर तिला हे पहिल्याच पानावर ओळखीचं वाटेल. पण ते आधी तुम्ही वाचा, आणि त्यात काय आहे ते तिला सांगून द्या. असं पुस्तक अंधारात ठेवून हातात देऊ नये. ज्याला जुनी जखम असेल त्याला आधी कळलंच पाहिजे.

याला जोडून एक विनंती. घरात कुणी आजारी आहे म्हणून आजारपणाची कादंबरी आणून देऊ नका, निदान मुलीनं मागितल्याशिवाय नको. पॅट्रिक नेसचं ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ (२०११) माझं सर्वांत लाडकं पुस्तक आहे. १३ वर्षांच्या कॉनरची आई कॅन्सरनं आजारी आहे. रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी घरामागचं झाड राक्षस होऊन येतं. ते तीन गोष्टी सांगणार आणि चौथी कॉनरनं सांगायची, जी त्यानं स्वतःपासूनही लपवलीये. ही कल्पना मुळात शिव्हॉन डाउड या लेखिकेची. २००७ साली तिचं कॅन्सरनं निधन झालं, तेव्हा पुस्तक लिहायचं राहिलं होतं. जिम केची काळी चित्रं गोष्टीच्या कडेनं पसरत जातात, ती बघण्यासाठी छापील प्रतच घ्या. मी हे वाचलं तेव्हा घरात सगळं ठीक होतं, म्हणून मला मोकळेपणी रडता आलं. माझी एक मैत्रीण खरोखर त्यातून जात असताना तिला कुणीतरी हेच पुस्तक दिलं, आणि तिनं ते वर्षभर उघडलं नाही. तिला तेव्हा चोऱ्यादरोड्यांची गोष्ट हवी होती. ती मी दिली: ली बार्डूगोचं ‘सिक्स ऑफ क्रोज’ (२०१५), काल्पनिक बंदरातल्या सहा जणांची, अभेद्य किल्ल्यातून एका माणसाला पळवून आणण्याची. प्रकरणागणिक बोलणारा बदलतो, सुरुवातीला अनोळखी शब्दांची गर्दी आहे, पण चार प्रकरणं धीर धरला की सुटका नाही. डावपेच आवडणाऱ्यांनी, आणि ज्यांना सध्या स्वतःच्या आयुष्यातून थोडं बाहेर पडायचंय त्यांनी नक्की घ्यावं.

जॉन ग्रीनचं ‘द फॉल्ट इन आवर स्टार्स’ (२०१२) तुम्हाला सगळेच सुचवतील. त्यातली प्रेमकथा सुंदर आहे, पण मुलं इतकी घडवून बोलतात की मला अधूनमधून लेखकच ऐकू येतो. त्याचंच ‘टर्टल्स ऑल द वे डाउन’ (२०१७) मला जास्त जवळचं. एझाला जंतूंची भीती आहे. बोटावरची जखम ती पुन्हा पुन्हा उघडते, धुते, पट्टी बदलते, आणि विचार गोल गोल आत ओढत नेतात. ग्रीनला स्वतःला ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती थांबवता न येण्याचा मानसिक आजार, आहे आणि त्यानं ते जाहीरपणे सांगितलंय. ज्यांची मैत्रीण किंवा भाऊ अशा चक्रात अडकतो आणि ‘विचार करणं थांबव ना’ असं ज्यांच्या तोंडून निघून जातं, त्यांनी हे वाचावंच. जे स्वतः त्या चक्रात आहेत त्यांना काही पानं जड जातील.

शांत, हळू वाचणाऱ्यांसाठी मार्कुस झूसाकचं ‘द बुक थीफ’ (२००५) आहे. नाझी जर्मनीतल्या लीझलची गोष्ट खुद्द मृत्यू सांगतो, आणि कोण मरणार ते आधीच सांगून टाकतो. तरीही शेवटी रडू येतं. पाचशेहून जास्त पानं आहेत, वाचन नुकतंच परत सुरू होत असेल तर इतक्यात नको.

एस. ई. हिंटनचं ‘द आउटसायडर्स’ (१९६७) मात्र आवर्जून. ते लिहायला घेतलं तेव्हा लेखिका १५ वर्षांची होती, छापून आलं तेव्हा १८. सांगणारा पोनीबॉय तुमच्या मुलीच्याच वयाचा आहे, १४ वर्षांचा. आईवडील अपघातात गेलेत आणि तिघे भाऊ एकमेकांना धरून आहेत. टोळ्यांची भांडणं आहेत, पण लक्षात राहतात ते भाऊ. मोठा भाऊ सारखा ओरडतो, आणि ते प्रेमापोटी आहे हे पोनीबॉयला फार उशिरा कळतं. ज्यांचं घरी मोठ्या भावंडाशी पटत नाही त्यांना हे हमखास भिडेल.

ती मराठीत सहज वाचत असेल तर मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ (२००४) विसरू नका. ती यंग अडल्टच्या शिक्क्याखाली येत नाही, पण नववीतला मुकुंद जोशी त्याच वयात उभा राहून बोलतो. वर्गातल्या शिरोडकर या मुलीबद्दल त्याला जे वाटतं त्याला नाव देण्याची घाई कुणीच करत नाही, लेखकही नाही. आजूबाजूला आणीबाणी चाललीये, आणि वर्गात कोण कुणाकडे बघतंय हेही तितकंच महत्त्वाचं आहे.

प्रेमाचं म्हणाल तर बहुतेक पुस्तकांत ते आहे. १४ वर्षांच्या मुलीच्या मनात ते आधीपासून असतंच, पुस्तक ते आणून ठेवत नाही. मी स्वतः एवढंच बघते की मुलगा मुलीवर पाळत ठेवतो, तिला धमकावतो, आणि पुस्तक त्याला प्रेम म्हणतं का. तसं असेल तर मी ते सुचवत नाही, मग ते कितीही गाजलेलं असो.

तेव्हा ‘लाँग वे डाउन’पासून सुरुवात करा. तिच्या टेबलावर ठेवा, ‘वाच’ म्हणू नका, आणि दोन दिवसांनी ‘कुठवर आलं?’ असंही नको. मला कुणी तसं विचारलं की मी ‘छान आहे’ म्हणून विषय संपवायचे. त्यापेक्षा तुम्हीही ते वाचून ठेवा. शेवटच्या पानावर लिफ्टचं दार उघडतं आणि विलला अगदी छोटा प्रश्न विचारला जातो, तिथेच पुस्तक संपतं. त्यानं काय उत्तर दिलं असेल यावर मी आणि माझा मावसभाऊ अजून भांडतो. तिला काय वाटतं ते ती सांगायला आली, तर तुम्हाला काय वाटलं तेही ती विचारेल.